तान्ह्या पोळ्याचा बैल भिंतीकडे तोंड करून : पाळणाघरातली शिस्त कुठवर?

निंबोणी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही नागपूरचे. मी मिहानमध्ये नोकरीला, नवरा बुटीबोरीला. मुलगी पावणेतीन वर्षांची. दीड वर्षापासून सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा पाळणाघरात असते. जागा स्वच्छ, वरण-भात गरम, उन्हाळ्यात दोन्ही खोल्यांत कूलर, मालकीणबाई बोलायला चांगल्या. आम्ही निर्धास्त होतो.

यंदा तान्ह्या पोळ्याला आजोबांनी तिला लाकडी बैल आणला, चाकांचा, दोरीने ओढायचा. कॉलनीत दारोदार फिरवला, बोजारा (खाऊ, पैसे) मिळाला, पोरगी खूष. त्यानंतर तीन-चार दिवसांनी मी स्वयंपाकघरात कणीक भिजवत होते. हॉलमधला चाकांचा खडखडाट एकदम थांबला म्हणून डोकावले. बैल सोफ्यामागच्या कोपऱ्यात, शिंगं भिंतीला टेकलेली. ही त्याच्या मागे उभी. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. हळू आवाजात त्याला सांगत होती, "रडायचं नाही. रडलास तर आई येणार नाही न्यायला." मग खिडकीचा पडदा ओढून तिने त्याच्यावर टाकला.

मी कणकेच्या हातांनीच खाली बसले. विचारलं, "बैलाने काय केलं गं?"

"सू केली."

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "अहो, दोन मिनिटं कोपऱ्यात उभं करतो, एवढंच. आम्ही कुणाच्या अंगाला हात लावत नाही. सवय लागायला नको का?" आणि हे खरंही आहे. दीड वर्षात तिच्या अंगावर कधी वळ दिसला नाही. सासूबाई म्हणतात, इतकी लेकरं सांभाळायची म्हणजे थोडा धाक लागतोच. नवऱ्याचं म्हणणं, लगेच काढू. मी मधेच अडकले आहे. मारलं असतं तर निर्णय सोपा होता. हे जे चाललंय त्याला काय म्हणायचं?

ऊनपाऊस

काढा लगेच. विचार कसला करताय.

निंबोणी

@ऊनपाऊस, उद्या साडेआठला तिला कुठे ठेवू? माझी आई अकोल्याला असते, सासूबाईंचे गुडघे गेलेत. विचार त्याचाच करतेय.

अंगणकाकू

निंबोणी, मी गेली चोवीस वर्षं प्रतापनगरच्या बाजूला घरातच पाळणाघर चालवते. तुझं लिहिणं वाचून रात्री दोनदा उठले. जे वाटतं ते स्पष्ट लिहिते.

तुझ्या लेकीने बैलासोबत जे केलं त्यात तीन गोष्टी आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या मोजायला हव्यात. कोपऱ्यात उभं करणं ही एक. सू झाली म्हणून उभं करणं ही दुसरी. आणि "आई येणार नाही" ही तिसरी. पहिलीवर माझ्यासारख्या चार जणींत वाद होईल. दुसरीवर होऊ नये, कारण पावणेतीन वर्षांच्या पोरीची सू होणं हा गुन्हाच नाही, ती अजून शिकतेय. तिसरी मात्र मी कुणालाही माफ करत नाही. पाळणाघरातल्या मुलाकडे दिवसभर एकच भांडवल असतं, की संध्याकाळी आई येणार. त्याच्या जोरावर ते खातं, झोपतं, खेळतं. तेच काढून घेतलं तर मूल गप्प बसतं हे खरं, पण ते शिस्तीने बसलेलं नसतं, भेदरलेलं असतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून मालकीणबाईंना वाटतं आपलं बरोबर चाललंय.

मी काही सुरुवातीपासून शहाणी नव्हते. दुसऱ्या वर्षी एक मुलगा सारखा दाराची कडी वाजवायचा. एका दुपारी मी त्याला मागच्या बाल्कनीत ठेवून दार लावलं. पाच मिनिटंही नसतील. दार उघडलं तेव्हा तो रडत नव्हता. जाळीला दोन्ही हातांनी धरून उभा होता आणि माझ्याकडे वळला नाही. पुढचे आठ दिवस तो माझ्या हातून जेवला नाही, फक्त मदतीला असलेल्या मावशीच्या हातून. आज तो इंजिनीअर आहे, रस्त्यात भेटला तर पाया पडतो. त्याला काही आठवत नसेल, मला ती जाळी आठवते.

आता चालतं काय ते सांगते, नाही तर सगळेच म्हणतील की काकू लाड करायला सांगते. लहान मुलाला अडवावं लागतं. चावायला निघालं तर हात मधे घालायचा, दोन पोरांना वेगळं करायचं, खाली त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसून एकच वाक्य बोलायचं, "चावायचं नाही, दुखतं." दहा वाक्यं नाहीत. आधी ज्याला चावलं त्याला जवळ घ्यायचं, पाणी लावायचं. चावणाऱ्याला त्याच वेळी भाषण दिलं तर सगळं लक्ष त्यालाच मिळतं. ठोकळे फेकले तर ठोकळे थोडा वेळ वर ठेवायचे, पण सगळ्यांसमोर "हा गंदा मुलगा" म्हणायचं नाही. फारच चवताळलं तर बाजूला न्यायचं, पण बाजूला आपणही बसायचं. एकटं सोडायचं नाही, दार लावायचं नाही, अंधार तर नाहीच. जेवण, पाणी, झोप आणि शी-सू या चार गोष्टी शिक्षेत कधी आणायच्या नाहीत. हा माझ्याकडचा पक्का नियम, मावशी नवीन असली की पहिल्या दिवशी तोंडपाठ करून घेते.

आणि चावणाऱ्या पोराची वेळ लिहून ठेवायची. माझ्याकडे एक होता, दोन वर्षांचा, रोज कुणाला तरी चावायचा. आठवडाभर वहीत वेळ लिहिली. पावणेबारा, अकरा पन्नास, पावणेबारा. पोरगा भुकेला होता! सकाळी सातला दूध पिऊन निघायचा आणि आमचं ताट साडेबाराला. सगळ्यांचं जेवण सव्वाअकराला आणलं. दहा-बारा दिवसांत चावणं जवळजवळ थांबलं. त्याला शिक्षा केली असती तर भुकेबद्दल शिक्षा झाली असती.

माझा अनुभव असा की पाळणाघरात शिक्षा बहुतेक बारा ते एक या वेळात होते. जेवण, चड्ड्या बदलणं आणि झोपवणं एकाच वेळी येतं, आणि हात कमी असतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर, लाइट गेलेली, कूलर बंद, तेव्हा तर विचारू नका. मालकीणबाई कशा बोलतात ते बाजूला ठेव. बारा वाजता किती मुलांमागे किती हात आहेत ते बघून ये.

जुनी_शुक्रवारी

आजोबा म्हणून लिहितो. आम्ही महालातल्या शाळेत छड्या खाऊन शिकलो, घरी वडिलांचा हात होता, तरी बिघडलो नाही. आज घराघरांत काय चाललंय ते पण बघा. पोट्ट्याच्या पुढे मोबाइल लावल्याशिवाय घास जात नाही, "नाही" हा शब्द त्याने कधी ऐकलेला नसतो, अन् पाळणाघरात त्याने वीस जणांसोबत पाटावर बसून जेवावं ही अपेक्षा. मग त्या बाईने धाक दाखवला की ती वाईट. सगळा दोष तिच्यावर टाकू नका.

अंगणकाकू

काका, मोबाइलचं शंभर टक्के खरं आहे. सोमवारी आमच्याकडे जेवण सगळ्यात अवघड जातं, कारण शनिवार-रविवार घरी मोबाइलवर झालेले असतात. पण तुम्ही छड्या खाल्ल्या तेव्हा सात-आठ वर्षांचे असाल. कशाबद्दल मिळाली ते कळत होतं, संध्याकाळी घरी जाऊन आजीच्या कुशीत रडता येत होतं. इथे दोन-अडीच वर्षांचं लेकरू आहे, ज्याला घरी जाऊन सांगताही येत नाही. बैलाला सांगतं.

जुनी_शुक्रवारी

आजीचं तुम्ही बरोबर बोललात. वडिलांनी मारलं की आम्ही आजीच्याच खोलीत जात होतो. ते विसरलो होतो.

थर्मामीटर

बालरोगतज्ज्ञ आहे, रामदासपेठेत बसतो. ओपीडीत जे दिसतं तेवढंच लिहितो, कारण पालकांना ते ओळखता यायला हवं.

दिवसा सू-शीवर ताबा बहुतेक मुलांना दोन ते साडेतीन-चार वर्षांच्या दरम्यान येतो. आल्यावरही अधूनमधून चुका होतात. शिक्षा केली की मूल लवकर शिकत नाही, ते धरून ठेवायला शिकतं. मग बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, आणि शी करताना रडणं. अशी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मी पाळणाघराबद्दल विचारतोच. निंबोणी, तिची शी नियमित होते का, लघवी करताना जळजळ सांगते का, एवढं बघून घ्या.

एका हाताला धरून खेचून उचलणं, "चल उठ" म्हणून ओढणं, हे कुणाला मारणं वाटत नाही. पण एक ते चार वर्षांच्या मुलांत त्या एका झटक्याने कोपराचं हाड जागचं सरकतं. मूल हात किंचित वाकवून अंगाशी धरतं, खेळणं दुसऱ्या हाताने घेतं, सूज काहीच नसते. आम्ही दोन मिनिटांत बसवतो, पण ते झालं कसं हे पाळणाघराने स्वतः सांगायला हवं. आणि तान्ह्या बाळाला रडं थांबवायला गदागदा हलवणं हे तर जीवघेणं आहे. मेंदूत रक्तस्राव होतो, बाहेर खूण दिसत नाही.

खुणांबद्दल : चालत्या मुलाच्या नडग्या, गुडघे, कपाळ इथे टेंगळं-ओरखडे असणारच, त्यावरून पाळणाघराशी भांडू नका. कान, मान, गाल, पाठ, पोट, कुल्ले इथे काळं-निळं दिसलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा, फोटो काढून ठेवा.

अजून एक. दुपारी सगळी मुलं एकदम तीन-तीन तास झोपतात असं कुणी कौतुकाने सांगितलं तर सावध व्हा. सर्दीच्या सिरपने गुंगी येते, आणि ते झोपवायला वापरलं गेल्याची शंका मला दोन वेळा आली आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये औषध नियंत्रकांनी सर्दीच्या औषधांतल्या क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिनच्या मिश्रणावर "४ वर्षांखालील मुलांना देऊ नये" असा इशारा छापायला सांगितला आहे. संध्याकाळी मूल नेहमीपेक्षा सुस्त, डोळे जड, तोंड कोरडं, असं वारंवार होत असेल तर विचारा.

काळा_डगला

कायद्याचं थोडं. वर कुणी लिहिलं नाही, पण लोक नेहमी म्हणतात की "शाळेत मारायला बंदी आहे". ती शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने आहे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना. पण तो कायदा ६ ते १४ वयाच्या शाळकरी मुलांसाठी. पावणेतीन वर्षांचं मूल त्यात येत नाही.

म्हणजे तिला संरक्षणच नाही असं समजू नका. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने मारहाण, छळ किंवा जाणूनबुजून हयगय केली आणि त्यातून मुलाला अनावश्यक शारीरिक किंवा मानसिक त्रास होण्याची शक्यता असेल तर तो गुन्हा. "मानसिक" हा शब्द कलमातच आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख दंड, किंवा दोन्ही. मुलांची काळजी घेण्याची जबाबदारी असलेली संस्था चालवणारा किंवा तिथला कर्मचारी असेल तर ५ वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि ५ लाखांपर्यंत दंड.

निंबोणीताईंनी उद्याच पोलिसांत जावं असं मी म्हणत नाही. कोपऱ्यात उभं केल्याबद्दल कुणाला तुरुंगात घालायला हे कलम नाही. पण सीसीटीव्ही असेल तर आजच लेखी कळवा की अमुक तारखांचं चित्रण जपून ठेवावं. बहुतेक यंत्रांत जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण उघडकीला आली ती चित्रणामुळेच. आणि मूल धोक्यात आहे असं वाटलं तर १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

ताई मिहानमध्ये आहेत म्हणून विचारतो, कंपनीत पन्नासपेक्षा जास्त लोक असतीलच. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. एचआरला लेखी विचारा.

सांबारवडी

टाइप मी करून राहिली, म्हणणं माझ्या आईचं आहे. ती सात वर्षांपासून एका पाळणाघरात मावशी आहे. जसं बोलली तसंच लिहिते.

"त्या मावशीले मी ओळखत नाही, पण ती काहून तसं बोलली असंल ते मले समजते. आमच्याकडे अठरा लेकरं, मी अन् एक पोरगी. पोरगी सुट्टीवर गेली का मी एकटी. एक लेकरू शी करून उभं आहे, दुसरं खिचडी सांडून राहिलं, तिसरं गेटापाशी पळून राहिलं. तोंडातून निघून जाते, चुप बस नाही तर पोलीस येईन. मंग रात्री मलेच झोप लागत नाही. आम्हाले कोणी शिकवलंच नाही. मालकीण एकच सांगते, रडण्याचा आवाज रस्त्यावर गेला नाही पाहिजे. आता रडणारं लेकरू चुप कसं करायचं ते मी माह्या सासूकडून शिकली, तिनं भेव दाखवला होता, मी बी दाखवला. ताई, तुम्ही तक्रार कराल तर त्या मावशीले काढतील, दुसरी येईन, ती बी तेच करंल. तिले रागावण्यापेक्षा मालकिणीले सांगा, अजून एक बाई ठेव म्हणा."

अंगणकाकू

ताई, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये, या एका वाक्यातूनच पुढचं सगळं येतं. मुलं रडणार. माझ्या घरातून रोज आवाज जातो, शेजारी चोवीस वर्षं ऐकतायत.

फुटाळा

दुसऱ्या बाजूने लिहितो. चावणारा मुलगा माझा आहे. अडीच वर्षांचा. दोन पाळणाघरांनी "दुसरीकडे बघा" सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी न्यायला गेलो तेव्हा इतर आया त्याच्यासमोरच बोलत होत्या, हाच तो. त्याने माझ्या पँटला धरून तोंड लपवलं. त्याला शब्द कमी येतात, अजून दोन शब्दांचं वाक्य बोलत नाही, म्हणून चावतो असं आता वाटतंय. अंगणकाकूंचं वेळ लिहून ठेवायचं वाचून मी आजपासून वही केली आहे. घरी तरी करतो.

थर्मामीटर

@फुटाळा, अडीच वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल तर आधी कानाची तपासणी करून घ्या, मग वाचा-उपचार तज्ज्ञ. थांबू नका. चावणं त्यामागोमाग कमी होण्याची बरीच शक्यता आहे.

निंबोणी

सगळ्यांचे आभार. तुमचं वाचून बुधवारी अर्धी रजा टाकली आणि सव्वाबाराला न सांगता गेले.

दार उघडायला वेळ लागला. आत सोळा मुलं मोजली, एक मावशी. दुसरी बाई चपात्या लाटत होती. मालकीणबाई बाहेर गेलेल्या. कुणी कुणाला मारत नव्हतं. माझी लेक ताटासमोर बसली होती, भात तसाच, हात मांडीवर. शेजारचा मुलगा रडायला लागला, तर मावशी त्याच्याकडे वळायच्या आत तिने आपलं बोट ओठांवर ठेवलं आणि त्याला "शू" केलं. मग मी दिसले. ती धावत आली नाही. आधी मावशीकडे पाहिलं, उठू का म्हणून.

मावशींना मी काहीच बोलले नाही. सांबारवडींच्या आईचे शब्द डोक्यात होते. त्या घामाघूम होत्या, एका हाताने एकाला भरवत होत्या, दुसऱ्या हाताने दुसऱ्याची चड्डी सावरत होत्या. संध्याकाळी मालकीणबाईंशी नीट बसून बोलले. सूबद्दल कोपऱ्यात उभं करणं बंद करू म्हणाल्या. "आई येणार नाही" असं कुणी म्हणतं हे त्यांनी मान्य केलं नाही, मुलं काहीही बोलतात म्हणाल्या. अजून एक बाई ठेवा म्हटलं तर फी दीडपट होईल, मग तुम्हीच दुसरीकडे जाल, असं त्यांचं उत्तर. ते अगदीच खोटं नाही. आम्ही पाळणाघर शोधताना सगळ्यात आधी फीच विचारली होती. किती मुलांना किती बायका हे आम्ही दीड वर्षात एकदाही विचारलं नाही. याचं मला जास्त वाईट वाटतंय.

पण मुलगी काहीही बोलते हे मी मान्य करणार नाही. तिने ते वाक्य कुठून तरी ऐकलंय, आणि आमच्या घरात ते कुणी बोललेलं नाही. या महिन्याअखेर तिला तिथून काढतोय. एचआरला मेल टाकला आहे, उत्तर नाही. रोज सकाळी तिला सोडताना आता एक गोष्ट करते. तिच्यासमोर बसून सांगते, "सू झाली तरी आई येते. रडलीस तरी आई येते. दूध प्यायचं झालं की बाबा येतात, नाही तर आई येते." परवा तिने विचारलं, "बैलाची पण?"

अंगणकाकू, तुमच्याकडे जागा आहे का? असेल तर बघायला कधी येऊ?

अंगणकाकू

एक जागा दसऱ्यानंतर होते आहे. बघायला संध्याकाळी येऊ नकोस, तेव्हा सगळी घरं छान दिसतात. कामाच्या दिवशी बाराला ये, फोन न करता, आणि तिला सोबत आण. पहिला आठवडा तू किंवा तिचे बाबा रोज तास-दीड तास इथेच बसा, त्याशिवाय मी मूल घेत नाही. फी सध्या देतेस त्यापेक्षा जास्त पडेल, ते आधीच सांगून ठेवते. बॅगेत चड्ड्या सहा-सात ठेव. पहिल्या महिन्यात लागतील, लागू दे.